तळात पाणी भरलेलं, तरी झाड कोमेजतंय? सेल्फ वॉटरिंग कुंडीचं दुखणं शोधताना

घरी केलेल्या सेल्फ वॉटरिंग कुंडीबद्दल (तळाच्या टाकीत पाणी, त्यावर जाळी, जाळीवर माती, आणि खालचं पाणी मातीपर्यंत चढवणारी वात, अशी कुंडी) एक तक्रार सतत कानावर येते, आणि माझ्याकडेही दर हंगामात एखादी तरी बादली तिचा अनुभव देते. बादलीला भोकं पाडून झाली, वात बसवली, तळात पाणी भरलं, टोमॅटोचं रोप लावलं. पंधरा-वीस दिवस झाड झकास. मग एका दुपारी ते माना टाकतं. पाणी भरायच्या पाइपात काडी सोडून बघावं तर पाणी भरपूर. संध्याकाळी झाड जरा सावरतं, दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच, आणि आठवड्याभरात खालची पानं पिवळी पडायला लागतात.

अशा वेळी हात आपोआप झारीकडे जातो. तो आवरा. तळात पाणी असताना झाड कोमेजतं ते दोन अगदी उलट कारणांनी. एक तर पाणी वर चढतच नाही आणि मुळं तहानलेली आहेत. नाही तर पाणी इतकं चढलंय की मातीत हवाच उरली नाही आणि मुळं गुदमरली आहेत. वरून बघताना दोन्ही झाडं सारखीच दिसतात. पहिल्याला वरून पाणी दिलं तर ते तासाभरात ताठ होतं. दुसऱ्याला दिलं तर ते चार दिवसांत हातचं जातं. मी सुरुवातीच्या काळात मिरचीची तीन चांगली झाडं अशीच घालवली. कोमेजलेली दिसली की पाणी घालत होतो आणि त्यांची मुळं खाली कुजत होती. त्यामुळे आता ही सवयच लावून घेतली आहे: आधी ओलावा कुठपर्यंत आहे ते तपासायचं, मगच काय ते करायचं.

काडी घालून बघा

नेहमीच्या कुंडीत आपण बोट खुपसून बघतो. इथे बोटाचा उपयोग नाही, कारण खालून पाणी घेणाऱ्या कुंडीत वरची तीन-चार सेंटीमीटर माती कोरडी असणं हेच ठीक असतं. त्याऐवजी साधी, रंग न लावलेली, कोरडी लाकडी काडी घ्या, कुंडीच्या मातीपेक्षा जरा लांब. खोडापासून दूर, कडेच्या बाजूने, तळाच्या जाळीला टेकेपर्यंत ती हलक्या हाताने आत सरकवा. पंधरा-वीस मिनिटं तशीच राहू द्या आणि सरळ वर ओढा.

काडी जवळजवळ पूर्ण कोरडी निघाली, किंवा फक्त शेवटची दोन-तीन सेंटीमीटर ओली असेल, तर पाणी चढत नाहीये. काडी वरपर्यंत काळपट भिजलेली, तिला चिखल चिकटलेला, आणि नाकाशी नेल्यावर आंबूस किंवा सडक्या अंड्यासारखा वास, असं असेल तर मुळं गुदमरत आहेत. आणि काडीचा वरचा भाग कोरडा, खाली हळूहळू गडद होत गेलेला, त्यावर मातीचे भुसभुशीत कण चिकटलेले आणि वास पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीसारखा, असं असेल तर तुमची कुंडी उत्तम चालली आहे. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात ती हीच अवस्था: मातीच्या कणांभोवती ओल आणि कणांमधल्या पोकळ्यांत हवा. या कुंडीत आपली सगळी धडपड हा वाफसा कायम टिकवण्यासाठी असते. तळात पाणी साठवणं हा त्यातला सोपा भाग.

दुसरी खूण पाण्याच्या पातळीची. पाणी भरायच्या पाइपात एक बूच आणि त्याला खोचलेली पातळ काडी सोडून ठेवा. बूच तरंगतं, काडी पातळी दाखवते. काडीवर रोज संध्याकाळी पेनाने खूण करा. मोठं झालेलं, फळं धरलेलं टोमॅटोचं झाड कडक उन्हाच्या दिवसात दोन लिटर आणि त्याहून जास्त पाणी सहज पितं. असं झाड असताना तीन दिवसांत काडी हललीच नाही, तर गडबड नक्की आहे. एकतर पाणी चढायची वाट तुटली आहे किंवा पिणारी मुळंच आजारी आहेत.

आणि काडी व पातळी दोन्ही ठीक असताना झाड फक्त भर दुपारी मान टाकत असेल, सकाळी मात्र टवटवीत असेल, तर त्याला काही करू नका. पानांतून जितकं पाणी उडतंय तितकं मुळांना त्या तासाभरात ओढता येत नाही, एवढंच त्याचं कारण. सकाळी सहा-सातला झाड बघायचं. त्या वेळीही ते मलूल असेल तरच ते आजारी.

माती कोरडी आणि पाणी जागच्या जागी

गेल्या हंगामात एका बादलीतलं वांग्याचं रोप असंच वाढायचं थांबलं. काडी कोरडी निघाली. वात म्हणून मी बादलीच्या मधोमध एक भोकांची छोटी टोपली बसवली होती. ती मातीने भरलेली, खाली पाण्यात बुडालेली, वर कुंडीच्या मातीला जोडलेली. रोप वाचवता येईल तेवढं मुळांसकट काढून घेतलं आणि माती थरथराने उकरली. वरची माती फिकट, हातात धुळीसारखी मोकळी. टोपलीतली माती खाली काळीभोर, ओलीकिच्च. आणि या दोघींच्या मध्ये दोन बोटं मावतील एवढी पोकळी. पोकळीच्या वरच्या कडेतून पाच-सहा मुळं लोंबत होती, त्यांची टोकं तपकिरी होऊन सुकलेली. पाण्यापासून जेमतेम दोन बोटांवर येऊन ती थांबली होती.

झालं होतं असं की टोपली भरताना माती कोरडी होती. कोरडी माती फुगीर बसते, भिजली की दबते. टोपलीतली माती खाली बसली, वरच्या मातीने मात्र तिच्यामागून खाली न येता तिथे कमान धरली. पाणी मातीच्या कणाकणाला धरून चढतं, त्याला उडी मारता येत नाही. दोन मिलिमीटरची फट सुद्धा त्याला पुरते अडायला.

या एका प्रसंगानंतर मी टोपली भरायची पद्धत बदलली, आणि ही तक्रार माझ्याकडे जवळजवळ संपली. माती आधी भिजवून घ्यायची. मुठीत दाबली की लाडू वळला पाहिजे आणि बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब सुटला पाहिजे. टोपली एकदम न भरता तीन वेळा भरायची, प्रत्येक वेळी मुठीने घट्ट दाबायची, आणि शेवटी टोपलीच्या काठावर मातीचा छोटा उंचवटा ठेवायचा. मग बादली भरायची. वरची माती टोपलीएवढी दाबायची नाही, फक्त थापटायची.

त्यानंतरची पायरी पुष्कळ लोक गाळतात. पहिलं पाणी वरून द्यायचं. हळूहळू, थांबून थांबून, खालच्या सांडव्यातून, म्हणजे बाजूच्या जादा पाण्याच्या भोकातून, पाणी गळेपर्यंत. तळात पाणी भरून माती आपोआप भिजेल याची वाट बघू नका. पाण्याला चढायला कणांभोवती ओलाव्याची सलग साखळी लागते आणि ती पहिल्यांदा आपणच जोडून द्यावी लागते. पूर्ण सुकलेलं कंपोस्ट तर पाणी चक्क झिडकारतं. थेंब त्यावर गोळ्यासारखा राहतो. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) त्यामानाने लवकर भिजतं, पण त्यालाही कडकडीत कोरडं वापरू नये.

पाणी किती चढेल याला मर्यादा असते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स ज्युरिन या इंग्रज वैद्याने केसासारख्या बारीक नळ्यांत पाणी चढताना बघून हा नियम मांडला: नळी जितकी बारीक, पाणी तितकं वर. हिशेब काढला तर १ मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी सुमारे ३ सेंटीमीटर चढतं आणि ०.१ मिलिमीटर व्यासाच्या नळीत सुमारे ३० सेंटीमीटर. मातीतल्या पोकळ्या म्हणजे अशाच वेड्यावाकड्या, लहानमोठ्या नळ्या. केशाकर्षण म्हणतात ते हेच.

हा आकडा लक्षात ठेवला की दोन चुका आपोआप टळतात.

पहिली चूक खडी किंवा गोट्यांची. तळाच्या टाकीत खडी भरायची, तिच्यावर कापड, कापडावर माती, अशी मांडणी बरेच जण करतात. खडीच्या दाण्यांमधल्या फटी पाच-दहा मिलिमीटरच्या असतात. त्यांतून पाणी अर्धा सेंटीमीटरही धड चढत नाही. टाकी काठोकाठ भरलेली असते तेव्हा पाणी कापडाला टेकतं आणि सगळं ठीक चालतं. पातळी बोटभर खाली गेली की संबंध तुटतो, आणि मग तळात चार-पाच लिटर पाणी असून झाडाला थेंब मिळत नाही. खडी ठेवायचीच असेल तर तिच्यातून तळापर्यंत मातीचे दोन-तीन खांब उतरले पाहिजेत. नाही तर खडी काढून टाका. ती पाण्याची जागा खाते आणि कुंडीचं वजन वाढवते.

दुसरी चूक उंचीची. पिंप मोठं मिळालं म्हणून त्यात पन्नास-साठ सेंटीमीटर माती भरली जाते. पाण्याचा तळ ते मातीचा पृष्ठभाग हे अंतर मी ३० सेंटीमीटरच्या आसपास ठेवतो, पालेभाजीला त्याहून कमी. टाकी रिकामी होत जाते तसं चढायचं अंतर वाढत जातं, हेही त्यात धरायला हवं. खोल पिंपच वापरायचं असेल तर माती वाढवू नका, टाकी उथळ आणि आडवी ठेवा.

दोरीच्या वातीबद्दल थोडं. बाटली कापून उलटी बसवतात त्या छोट्या कुंडीत दोरीची वात चालते, कोथिंबिरीला किंवा एखाद्या तुळशीला पुरते. टोमॅटो, वांगी, भेंडीला एक-दोन दोऱ्या पुरत नाहीत; झाड लहान असेपर्यंत भागतं आणि फुलं लागायच्या सुमाराला कमी पडायला लागतं. मोठ्या भाजीला मातीची टोपलीच हवी, आणि तिचं तोंड कुंडीच्या तळाच्या साधारण एक दशांश तरी हवं, असा माझा अंदाज आहे आणि त्याने मला दगा दिलेला नाही. दोरी वापरणार असाल तर आधी तिची परीक्षा घ्या. कोरड्या दोरीचं एक टोक रंगीत पाण्यात सोडा, दुसरं वर टांगा आणि तासाभराने बघा रंग कुठवर आला. हातभर अंतर चढणारी दोरी चांगली. काही प्लास्टिकच्या दोऱ्या जिथल्या तिथे कोरड्या राहतात. नव्या सुती दोरीवर खळ असते, ती गरम पाण्यात उकळून घ्यावी लागते, आणि सुती वात काही महिन्यांत कुजते हेही धरून चाला. पहिल्या हंगामात उत्तम चाललेली बाटली दुसऱ्या हंगामात रुसते, तेव्हा वात ओढून बघा. बहुतेक वेळा ती हातात तुटून येते.

माती ओलीचिंब आणि मुळं गुदमरलेली

हे दुखणं जास्त घातक, कारण इथे झाडाला वेळ फार कमी असतो. मुळं श्वास घेतात. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायू मुळांपर्यंत पोचत नाही. हवेत तो जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू तो पाण्यातून पसरतो. श्वास बंद झालेलं मूळ पाणी ओढायचं थांबतं. म्हणून पाण्यात उभं असलेलं झाड तहानेने मेल्यासारखं दिसतं. मग कुजवणाऱ्या बुरशा येतात. असं मूळ दोन बोटांत धरून ओढलं की वरची साल मोजा निघावा तशी निघून येते आणि आत फक्त पांढरा दोरा उरतो. निरोगी मूळ पांढरं, कडक असतं, ओढल्यावर तटकन तुटतं.

कारण शोधताना सगळ्यात आधी सांडवा बघा. सांडवा म्हणजे बादलीच्या बाजूचं ते भोक, ज्यातून जादा पाणी बाहेर पडतं. सांडवा तळाच्या जाळीपेक्षा निदान एक-दोन सेंटीमीटर खाली हवा. म्हणजे टाकी पूर्ण भरली तरी पाणी आणि जाळी यांच्यात हवेची पट्टी राहते, आणि पाण्यात फक्त टोपली बुडते. हे भोक जाळीच्या वर पडलं असेल तर कुंडीची सगळी खालची माती कायम पाण्यात बसलेली आहे. बाहेरून हे कळत नाही. सोपी युक्ती: पट्टीने जाळीची खोली आतून मोजा, तेवढीच बाहेरून मोजून खूण करा, आणि सांडवा खुणेच्या खाली आहे का ते बघा. चुकला असेल तर कुंडी मोडायची गरज नाही, खाली नवं भोक पाडा. वरचं राहिलं तरी चालतं, त्यातून हवा आत जाईल.

भोक बरोबर जागी असूनही बुजलेलं असू शकतं. मी पूर्वी ६ मिलिमीटरची भोकं पाडायचो. मातीचे कण, शेवाळ, आणि मुख्य म्हणजे मुळं तिथेच येतात, कारण त्यांना तिथे हवा मिळते. आता १२ मिलिमीटरचं पाडतो आणि पाणी भरताना दर वेळी त्यात काडी फिरवतो. पावसात उघड्यावर असलेल्या कुंडीला तर सांडवा हाच जीव. मुसळधार पावसात वरून पडणारं पाणी त्याच एका भोकातून जायचं असतं, म्हणून समोरासमोर दोन भोकं पाडलेली बरी.

सांडवा ठीक निघाला तर दोष मातीचा. अंगणातली काळी किंवा चिकणमाती या कुंडीत चालत नाही, मग ती जमिनीत कितीही कसदार असो. तिच्या पोकळ्या इतक्या बारीक असतात की पाणी सगळीकडे चढून बसतं आणि हवेला जागाच राहत नाही. जमिनीत हे पाणी खाली खोल ओढलं जातं. कुंडीत त्याला खाली जायला जागा नसते.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर घरातला आयताकृती स्पंज पूर्ण भिजवा आणि आडवा, सपाट धरा. ठिबकणं थांबेपर्यंत थांबा. आता तोच स्पंज न पिळता उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेच. प्रत्येक सच्छिद्र वस्तूच्या तळाशी एक पट्टा पाण्याने पूर्ण भरलेला राहतो, आणि त्या पट्ट्याची उंची भोकांच्या आकारावर ठरते. आडव्या स्पंजात तो पट्टा मोठी जागा व्यापतो, उभ्यात छोटी. कुंडीच्या मातीतही तळाशी असा पट्टा असतोच. माती जितकी बारीक, पट्टा तितका उंच. चिकणमातीत तो मुळांची सगळी जागा गिळतो.

माझं मिश्रण साधं आहे: दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग चाळलेलं आणि पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, एक भाग परलाइट (माती मोकळी ठेवणारे पांढरे, हलके खडे). परलाइट नसेल तर भाताचं तूस चालतं, मात्र ते हंगामाभरात कुजतं आणि माती खाली बसते. कंपोस्टचं प्रमाण वाढवायचा मोह होतो, तो टाळा. आणि टोपलीत तर कंपोस्ट घालूच नका. तो भाग कायम पाण्यात असतो, तिथलं कच्चं खत हवेशिवाय सडतं आणि सडक्या अंड्याचा वास येतो तो बहुतेक तिथूनच. टोपलीत नुसतं कोकोपीट आणि थोडी बारीक वाळू.

झाड आता या क्षणी गुदमरत असेल तर काय करायचं? टाकी पूर्ण रिकामी करा. कुंडी तिरकी करता येत नसेल तर पाण्याने भरलेली नळी पाइपातून तळापर्यंत सोडा, दुसरं टोक कुंडीच्या तळापेक्षा खाली न्या, पाणी आपोआप बाहेर येईल. सांडवा आणि पाइप उघडे ठेवा. लाकडी काडीने मातीत खोडापासून दूर आठ-दहा ठिकाणी तळापर्यंत भोकं पाडा. झाडावर सावली धरा आणि निम्मी पानं, असलेली सगळी फळं काढून टाका. फळं तोडताना जिवावर येतं, पण उरलेल्या मुळांना तेवढंच झाड पोसता येणार असतं. खत अजिबात नको. काडी मधोमध कोरडी व्हायला लागली की टाकीत फक्त दोन बोटं पाणी घाला. खोडाजवळ नवी पांढरी मुळं दिसली की झाड वाचलं. आठ-दहा दिवसांत काहीच हालचाल नसेल तर ते उपटून नवं रोप लावलेलं बरं.

ओलावा ठीक, तरी पानांच्या कडा करपतात

तिसऱ्या प्रकारची तक्रार उशिरा, दोन-तीन महिन्यांनी येते. काडी म्हणते ओलावा उत्तम. पातळी रोज उतरते. तरी पानांच्या कडा तपकिरी होतात, वाढ खुंटते आणि मातीवर पांढरा पापुद्रा धरतो. ती बुरशी नसते. बोटावर घेऊन चोळा, खडूच्या चुऱ्यासारखी लागते. ते क्षार आहेत.

नेहमीच्या कुंडीत वरून घातलेलं पाणी क्षार धुऊन खाली नेतं. आपल्या कुंडीत पाणी एकाच दिशेने जातं, खालून वर. वर पोचल्यावर पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात. पाणी जड असेल किंवा कोकोपीट न धुता वापरलं असेल तर हे लवकर होतं. कोकोपीटमध्ये मुळातच मीठ असू शकतं. भिजवून, पिळून पाणी फेकून, असं दोन-तीन वेळा केलं की गडद चहासारखं पाणी फिकट होत जातं.

उपाय: वरची दोन-तीन सेंटीमीटर माती खरवडून काढून टाका. मग वरून भरपूर साधं पाणी द्या, कुंडीच्या मातीच्या दुप्पट तरी, थांबून थांबून. खाली जमणारं पाणी आता खारट आहे, ते टाकीत ठेवू नका. ते नळीने ओढून फेका आणि ताजं पाणी भरा. मी हे दर दोन महिन्यांनी करतो, पापुद्रा दिसायची वाट बघत नाही. वर वाळलेल्या पानांचा किंवा गवताचा थर घातला तर पृष्ठभागावरून उडणारं पाणी कमी होतं आणि क्षारही सावकाश जमतात.

याच कारणासाठी टाकीत खत विरघळवू नका. शेणाचं पाणी, जीवामृत, द्रवरूप रासायनिक खत, काहीही नको. टाकीत ते सडतं, शेवाळ वाढवतं, आणि मात्रा आवरता येत नाही. सुकं खत मातीवर, खोडापासून दूर, एका पट्टीत द्या. मुळं त्याच्याकडे आपापल्या गतीने जातात, आणि जास्त झालं तर ती पट्टी उचलून टाकता येते.

टोमॅटोच्या फळाचा बुडखा काळा पडतो त्याचंही नातं इथेच आहे. ती बुरशी नाही. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलेलं नसतं. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच चालतं, त्यामुळे टाकी दोन दिवस कोरडी, मग काठोकाठ, मग पुन्हा कोरडी, असं झालं की फळ त्यात सापडतं. आधी पाण्याची लय सांभाळा, नत्राचा मारा कमी करा. माती भरताना मिश्रणात थोडा चुनखडीचा चुरा घातलेला असेल तर उत्तम. काळं पडलेलं फळ बरं होत नाही, तोडून टाका.

बी उगवत नाही, उगवलेलं मरतं

हा कुंडीचा दोष मानू नये. बी असतं वरच्या दोन सेंटीमीटरमध्ये, आणि तीच जागा इथे कोरडी असते. पेरल्यापासून रोपाला चार खरी पानं (बीजपत्रांनंतर येणारी) येईपर्यंत वरून रोज हलकं पाणी द्या. रोप आणून लावलं तरी पहिले दोन आठवडे वरून पाणी हवंच. मुळं खाली ओलाव्यापर्यंत पोचली की झारी बाजूला ठेवायची. मग मात्र खरोखरच ठेवा, कारण वरची माती सतत ओली राहिली की मातीतल्या बारीक काळ्या चिलटांना तिथे अंडी घालायला जागा मिळते. चिलटं आधीच झाली असतील तर वरचा थर आठवडाभर पूर्ण सुकू द्या, तेवढ्याने बहुतेक आटोक्यात येतात.

डास आणि शेवाळ

डासांबद्दल हयगय नको. साठलेलं स्वच्छ पाणी आणि अंधार, डासाला याहून चांगली जागा नाही, आणि डेंग्यू पसरवणारा एडीस डास अशाच पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस पुरतात. भरायच्या पाइपाला घट्ट झाकण किंवा बारीक जाळी, सांडव्याला आतून मच्छरदाणीचं कापड, आणि बादली व माती धरणाऱ्या आतल्या भांड्याच्या मधली फट बुजवलेली. तीनही हव्यातच, एक जरी उघडी राहिली तरी डास ती शोधतो. हंगाम संपल्यावर टाकी नुसती ओतून ठेवू नका. एडीसची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. ब्रशने घासून काढा.

शेवाळ म्हणजे टाकीत उजेड जातोय. पारदर्शक बाटली किंवा पांढरी पातळ बादली असेल तर बाहेरून गडद कापड गुंडाळा किंवा काळा रंग द्या, त्यावर हवा तर पांढरा द्या म्हणजे पाणी तापणार नाही. शेवाळाने झाड मरत नाही, पण सांडवा आणि वात बुजते.

एक छोटी गोष्ट पाइपाची. पाणी भरताना पाइपातून ते उलट वर येत असेल, खाली उतरतच नसेल, तर पाइपाचं खालचं तोंड तळाला सपाट टेकलेलं असतं. पाइप काढा, ते टोक तिरकं कापा आणि परत बसवा. काढता येत नसेल तर वर ओढून बोटभर उचला आणि कडेला तारेने बांधा.

हंगाम संपल्यावर मी प्रत्येक कुंडी पूर्ण मोडतो. कधीकधी मुळांनी जाळी पार करून टाकीत झुपका केलेला असतो, पांढऱ्या लोकरीसारखा. झाड निरोगी असेल तर तो झुपका काळजीचा नाही. पाण्यातली मुळं पाण्याला सरावलेली असतात. पण जुनं मूळ टोपलीत राहिलं तर पुढच्या हंगामात तिथेच सडतं. टोपली उलटी करून रिकामी करा, भोकं ब्रशने मोकळी करा आणि तिच्यात दर वेळी नवं कोकोपीट भरा. वरची माती मात्र टाकायची गरज नाही. चाळून, धुऊन, चौथा हिस्सा नवं कंपोस्ट मिसळून ती पुन्हा वापरता येते. फक्त ज्या कुंडीत मुळं कुजून झाड गेलं, तिची माती दुसऱ्या भाजीच्या कुंडीत घालू नका, आणि ती बादली नव्याने भरण्याआधी साबणाने धुऊन दोन दिवस कडक उन्हात पालथी ठेवा.